शून्यावर चार बाद

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठीत मी आयुष्यात जेवढं लिहिलंय, त्यातलं निम्मं दहावीच्या पेपरात. त्यामुळे काना-मात्रा-वेलांटी इकडेतिकडे झाली तर पोटात घाला. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता, कारण ज्या माणसाबद्दल तो आहे त्याची गोष्ट मी घरी, आजोबांकडून, खळ्यात बसून ऐकली.

त्याआधी माझी स्वतःची एक फजिती सांगतो. गेल्या वर्षी मालवणात टेनिस बॉलच्या स्पर्धेत आमच्या वाडीची टीम फायनलला गेली. शेवटच्या ओव्हरला चार रन्स हव्या होत्या आणि स्ट्राइकवर मी. समोरून आला सरळसोट फुलटॉस. असा बॉल मी रोज संध्याकाळी देवबागच्या वाळूत डोळे मिटून समुद्रात टाकतो! पण त्या दिवशी माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं माहितीय? बाउंड्रीवर कोण कोण उभं आहे, कोण मोबाईलवर शूटिंग करतंय, हरलो तर रात्री वाडीत काय तोंड दाखवणार, हात नीट धरलेत ना, पाय पुढे टाकू की मागे... बॉल सोडून बाकी सगळं दिसत होतं. सोपा कॅच दिला आणि आम्ही हरलो.

त्या रात्री मी जेवलो नाही. आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला विजय हजारेंची गोष्ट सांगितली. त्यांना ती त्यांच्या वडिलांनी सांगितलेली. पणजोबा गिरगावात गाववाल्यांच्या खोलीवर राहायचे आणि क्रिकेटच्या गजालींवर जगायचे. आजोबांनी सांगितलं तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही, म्हणून पुढे मी स्वतः शोधून वाचलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना विजय हजारे हे फक्त एका ट्रॉफीचं नाव म्हणून माहीत असतं. मलाही तेवढंच माहीत होतं!

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीचा. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, घरात आठ मुलं. म्हणजे राजेरजवाडे नाहीत की मुंबईचे श्रीमंत जिमखानेवाले नाहीत. त्या काळात क्रिकेटला संस्थानिकांचा मोठा आधार असायचा. जतच्या संस्थानामुळे त्यांना क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियाच्या नामांकित लेगस्पिनरचं मार्गदर्शन मिळालं. पुढे ते बडोद्याला गेले आणि कायमचे बडोद्याचेच झाले. स्वभाव एकदम शांत, लाजाळू म्हणावा असा. कमी बोलणारे. पण बॅट हातात घेतली की तासन् तास हलायचे नाहीत. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने भरायचे. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि रेस्ट म्हणजे उरलेले, अशा पाच टीम. आज ऐकायलाच विचित्र वाटतं, पण तेव्हा धर्मावर टीम ठरायची. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते उरलेल्यांत. १९४३ साली त्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ धावा करून स्पर्धेतला विक्रम केला. मग फायनलला हिंदू संघाकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या. दोघेही विजय आणि दोघांची चुरस, त्यामुळे ब्रेबॉर्न स्टेडियमवर नुसती गर्दी.

हिंदू संघाच्या झाल्या ५ बाद ५८१. रेस्टचा पहिला डाव १३३ मध्ये आटोपला, त्यात ५९ एकट्या हजारेंच्या. फॉलोऑन! म्हणजे मॅच हातातून गेलेलीच. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय करू? लवकर आटपून घरी जाऊ. हजारेंनी दुसऱ्या डावात ३०९ धावा केल्या. संपूर्ण संघाच्या झाल्या ३८७. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ ऐंशी धावा एकट्याच्या! भाऊ विवेक हजारेंबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, त्यात विवेकचा वाटा होता २१. त्या २१ धावांचं मला जास्त कौतुक वाटतं, कारण समोर कोणीतरी उभं राहिल्याशिवाय ३०० होत नाहीत.

आणि एवढं करूनही रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले. आजोबांनी गोष्ट इथे थांबवली आणि मला विचारलं, की हरणार हे माहीत असताना हा माणूस नेमका कशासाठी खेळत होता? मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर मिळालं ते नंतर, कॉलेजच्या लायब्ररीत. मिहाई चिकसेंटमिहाई नावाचे हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत होऊन गेले (नाव एका दमात म्हणून दाखवा!). त्यांनी चित्रकार, गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, सर्जन अशा कितीतरी लोकांना विचारलं, की काम सगळ्यात चांगलं होतं तेव्हा आतून कसं वाटतं? बऱ्याच जणांच्या सांगण्यात एकच गोष्ट आली, की पाण्याच्या प्रवाहाने वाहून न्यावं तसं वाटतं. म्हणून त्या अवस्थेचं नाव पडलं फ्लो. १९९० साली या विषयावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि खेळाडूंच्या जगात हा शब्द रुळला.

या अवस्थेत वेळेचं भान राहत नाही. लोक काय म्हणतील हे डोक्यात येत नाही. हात आणि डोकं वेगळं राहत नाही. आपल्याकडे याला तल्लीन होणं म्हणतात, ब्रह्मानंदी टाळी लागणं म्हणतात. फक्त ही झोपाळलेली तंद्री नव्हे, माणूस उलट जास्त जागा असतो. आणि ही अवस्था यायला काही अटी आहेत. काम आपल्या कुवतीच्या थोडंसं वरचं हवं, फार सोपं नको आणि फार अवघडही नको. पुढच्या क्षणी काय करायचंय ते स्पष्ट हवं. आणि केलं ते बरोबर की चूक हे लगेच कळायला हवं.

आता बॅटिंगचा विचार करा. ५८१ चा डोंगर हे काम म्हणून अशक्य आहे. पण पुढचा एक बॉल? तो प्रत्येक वेळी नवा, थोडासा अवघड आणि निकाल एका सेकंदात! म्हणजे स्कोअरबोर्ड बघून खेळलात तर दडपण, आणि बॉल बघून खेळलात तर फ्लो. मॅच तीच, पिच तेच. हजारे डोंगर चढायला गेलेच नव्हते, ते एकेक पायरी चढत होते. मी मात्र फुलटॉसच्या वेळी डोंगराच्या टोकाकडे बघत बसलो आणि पायरी चुकलो.

याची उलटी बाजूही शास्त्रज्ञांनी अभ्यासली आहे. अंगवळणी पडलेली गोष्ट दडपणाखाली आपण मुद्दाम लक्ष देऊन करायला जातो आणि तिथेच बिघडते. आपल्याकडचा पाडेली बघा. माडावर सरसर चढतो, नारळ पाडतो, खाली येतो. त्याला मध्येच विचारा, की आता उजवा पाय टाकतोस की डावा? विचार करायला लागला तर घसरेल बिचारा! हात नीट धरलेत ना, हा माझ्या डोक्यातला प्रश्न अगदी असाच होता.

हजारेंकडे परत येतो. १९४६-४७ च्या रणजी फायनलमध्ये बडोद्याची अवस्था होळकर संघाविरुद्ध ३ बाद ९१ होती. तिथून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली कुठल्याही विकेटसाठीची ती सगळ्यात मोठी भागीदारी. हा विक्रम मोडायला २००६ साल उजाडलं. संगकारा आणि जयवर्धने यांनी कोलंबोत ६२४ केल्या तेव्हा.

पण माझी सगळ्यात आवडती मॅच म्हणजे अ‍ॅडलेड, जानेवारी १९४८. देश नुकताच स्वतंत्र झालेला, नुकताच फाळणीत भाजलेला. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच परदेश दौरा आणि समोर कोण, तर ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया. लिंडवॉल आणि मिलर यांची फास्ट बॉलिंग. हेल्मेट वगैरे भानगड नव्हतीच. ऑस्ट्रेलियाने केल्या ६७४. त्यात ब्रॅडमन २०१, आणि त्यांना शेवटी बोल्ड कोणी केलं? हजारेंनी. हो, ते मीडियम पेस बॉलिंगही टाकायचे! मग भारताचे १३३ वर पाच गेले. तिथे हजारे आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर उभे राहिले. हजारे ११६, फडकर १२३, भारत ३८१. परत फॉलोऑन.

दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य असतानाच दोन विकेट गेल्या. म्हणजे ११६ धावा करून दमलेला माणूस थोडं बसतोय न बसतोय तोच परत पॅड बांधून आत! त्या डावात भारताचे सहा जण शून्यावर बाद झाले. लिंडवॉलने ३८ धावांत सात बळी घेतले. आणि हजारेंनी केल्या १४५. संघाच्या एकूण झाल्या २७७. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. दोनच दिवसांनी, ३० जानेवारीला, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्या दुःखात क्रिकेटचं कौतुक करायला कोणाला सुचणार होतं?

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९४९ मध्ये, ब्रेबॉर्नवर वेस्ट इंडिजने भारतापुढे ३६१ चं आव्हान ठेवलं. हजारेंनी १२२ केल्या, रुसी मोदींनी ८६. शेवटी वेळ संपली तेव्हा भारत ८ बाद ३५५. सहा धावा कमी! वाचताना मला माझ्या चार रन्स आठवल्या. पण फरक बघा. माझ्या चार रन्स मी घालवल्या. त्या सहा धावा घड्याळाने घालवल्या.

१९५१ मध्ये हजारे कॅप्टन झाले. कॅप्टन म्हणून पहिल्याच कसोटीत, दिल्लीला, इंग्लंडविरुद्ध नाबाद १६४. पुढच्या कसोटीत, मुंबईत, १५५. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने कसोटीतला आपला पहिला विजय मिळवला, एक डाव आणि ८ धावांनी. पहिली कसोटी खेळल्यानंतर वीस वर्षांनी! विनू मंकड यांनी १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं केली. हजारेंचं स्वतःचं शतक त्यात नाही. ज्यांनी हरलेल्या मॅचमध्ये एवढ्या धावा केल्या, त्यांना जिंकलेल्या मॅचमध्ये कराव्या लागल्या नाहीत. मला यात गंमत वाटते आणि थोडं बरंही वाटतं.

मग आला जून १९५२. इंग्लंडमध्ये लीड्सची कसोटी. या लेखाचं नाव तिथलं आहे. पहिल्या डावात हजारे ८९ आणि तरुण विजय मांजरेकर १३३, दोघांची २२२ ची भागीदारी. सगळं छान चाललेलं. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रुमन नावाचा पहिलीच कसोटी खेळणारा पोरगा बॉलिंगला आला आणि १४ बॉलमध्ये भारताचे चार गडी बाद. धावा किती? शून्य! तीन ट्रुमनचे, एक बेडसरचा. शून्यावर चार बाद. कसोटी क्रिकेटमध्ये इतकी वाईट सुरुवात तोपर्यंत कोणाची झाली नव्हती. ड्रेसिंग रूममध्ये काय वातावरण असेल, कल्पना करा. त्यात हजारे स्वतः कॅप्टन. म्हणजे दडपण स्वतःचं, संघाचं आणि अख्ख्या देशाचं.

ते आत आले आणि ५६ धावा केल्या. फडकर पुन्हा जोडीला, त्यांनी ६४. दोघांची भागीदारी १०५ ची. भारत १६५ पर्यंत पोचला. सामना गेलाच, सात विकेटनी. पण शून्यावर चार असताना मैदानात जाणं आणि आपला नेहमीचा खेळ खेळणं, याला मी खरी मर्दुमकी म्हणतो. नेहमीचा हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यांनी काही चमत्कार केला नाही. ते सांगलीत, बडोद्यात, ब्रेबॉर्नवर जे करत आले होते तेच त्यांनी लीड्सला केलं.

आपल्या मेकॅनिकलवाल्यांना पाइपमधला प्रवाह आठवेल. वेग वाढत गेला की एका मर्यादेनंतर सरळ वाहणारं पाणी खळबळून उठतं, लॅमिनारचा टर्ब्युलंट होतो. पण द्रव घट्ट असेल तर तोच वेग तो सहज पचवतो. दडपण म्हणजे वेग, आणि स्वभावातला घट्टपणा म्हणजे व्हिस्कॉसिटी. हजारेंच्या मनाची व्हिस्कॉसिटी मधासारखी असावी! (फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांनी ही उपमा वाचली तर माझे इंटर्नल मार्क कापू नयेत ही विनंती.)

पण मित्रांनो, खरं सांगायचं तर घट्टपणालाही मर्यादा असते. त्याच वर्षी पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत कॅप्टन होते लाला अमरनाथ. हजारे नुसते बॅट्समन म्हणून खेळले आणि मुंबईत त्यांनी नाबाद १४६ केल्या, भारत दहा विकेटनी जिंकला. मग १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर पुन्हा कप्तानी त्यांच्याकडे आली, आणि तिथे त्यांच्या बॅटमधून धावा आटल्या. ती त्यांची शेवटची कसोटी मालिका ठरली. कप्तानीने त्यांच्यातल्या बॅट्समनचं नुकसान केलं, असं अनेक जाणकारांचं मत होतं. मला वाटतं, यातही शिकण्यासारखं आहे. फ्लो ही काही देवाने एकदा देऊन टाकलेली वस्तू नाही. डोक्यात किती जणांचं ओझं आहे, त्यावर ती येते आणि जाते. एवढ्या मोठ्या माणसाचीही जाते, मग आपण कोण!

तीस कसोट्या, २१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतकं. प्रथम श्रेणीत साठ शतकं. १९६० मध्ये पद्मश्री. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं. आकडे पाठ करायला बरे आहेत, पण त्यांच्यातून तो माणूस दिसत नाही. तो दिसतो शून्यावर चार असताना पॅव्हेलियनच्या पायऱ्या उतरताना.

आता तुम्ही विचाराल, की आपल्यासारख्यांनी काय करायचं? आपण काही हजारे नव्हे. याचं उत्तर आपल्या मालवणच्याच एका माणसाने देऊन ठेवलंय. रमाकांत आचरेकर सर, जन्म मालवणचा, १९३२ चा. शिवाजी पार्कवर ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला जो आउट करेल त्याला ते नाणं, कोणीच करू शकलं नाही तर सचिनला. वरवर साधा खेळ, पण बघा त्यात काय आहे. दडपण आहे, पण एका रुपयाएवढं. रोज थोडं थोडं. म्हणजे मोठ्या मॅचचं दडपण अंगावर येईल तेव्हा ते ओळखीचं वाटेल. दडपण टाळून फ्लो येत नाही, दडपणाची सवय करून येतो.

मी हा प्रयोग केला. आमच्या वाडीतल्या पोरांनी स्टंपवर रुपया नाही, वडापाव लावला. संध्याकाळी शेवटच्या सहा बॉलमध्ये आउट झालो तर सगळ्यांना वडापाव माझ्याकडून. पहिल्या आठवड्यात माझा पॉकेटमनी संपला. हळूहळू मात्र एक गोष्ट लक्षात आली. बॉलरच्या हातातून बॉल सुटताना मी तो बघायला लागलो होतो. आधी मी बॉलरचा चेहरा बघायचो!

यंदा त्याच स्पर्धेत आम्ही सेमीफायनलला हरलो. मी अकरा रन्स काढल्या. हिरो वगैरे काही झालो नाही. पण त्या अकरा रन्समधला प्रत्येक बॉल मला अजून आठवतो, आणि बाउंड्रीवर कोण उभं होतं ते अजिबात आठवत नाही. घरी आल्यावर आजोबांनी स्कोअर विचारला नाही. बॉल दिसत होता का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

मित्रांनो, आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात कधी ना कधी शून्यावर चार बाद होणार आहेत. कोणाची केटी लागेल, कोणी व्हायवात गप्प होईल, कोणाचा प्लेसमेंटचा इंटरव्ह्यू फसेल. तेव्हा स्कोअरबोर्डकडे बघू नका. सांगलीच्या त्या शाळामास्तरांच्या मुलाला आठवा, आणि पुढचा बॉल बघा.